अरुणावतीचं पाणी कुठे जातं

गुहागरच्या किनाऱ्यावरचा माझा तिसरा की चौथा दिवस होता. २०१६ चा डिसेंबर. पहाटे साडेपाचला आम्ही वाळूत कासवाचा माग शोधत चाललो होतो. पुढे तात्या, मागे मी. तात्या म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने कासवमित्र. त्यांचं अर्धं आयुष्य मासेमारीत गेलेलं, आणि आता पायांना होडीपेक्षा वाळूची सवय जास्त. चालता चालता त्यांनी विचारलं, "तुमचा गाव कुठला?"

"मानोरा. वाशिम जिल्हा."

"नदी कुठली तुमच्याकडं?"

"अरुणावती."

"ती जाते कुठं?"

"पैनगंगेत."

"आणि ती?"

मला पुढचं सांगता आलं नाही. अमरावती विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आलेला मुलगा मी, समुद्राच्या संवर्धनाचं काम करायला निघालेला, आणि माझ्या तालुक्यातलं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. तात्यांनी वाट पाहिली नाही. "कुठं जाणार? सगळं हितंच येतं," म्हणाले आणि पुढे गेले.

तात्यांचं उत्तर एका समुद्रानं चुकलं होतं, हे मला पुढे कळलं. अरुणावती मंगरूळपीर-मानोऱ्याकडून यवतमाळ जिल्ह्यात जाते, दिग्रसजवळ तिच्यावर धरण आहे, आणि तिचं पाणी शेवटी पैनगंगेत पोचतं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. आणि त्याच वाशिम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वळून अकोल्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी सुरतेपाशी अरबी समुद्रात पडतं. म्हणजे आमच्या एका लहानशा जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. शाळेत हे कुणी असं सांगितलं नव्हतं. नकाशात निळ्या रेघा होत्या, पण त्या परीक्षेपुरत्या.

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी. निघताना माय म्हणाली होती, "बाप्पा, सोयाबीन काढाच्या दिसात तू कासवं राखाले चालला?" सोयाबीन तेव्हा निघून महिना झाला होता, तुरी फुलावर होत्या. तिला म्हणायचं होतं ते वेगळंच. ज्या गोष्टीचा आपल्याशी संबंध नाही तिच्यासाठी पोरगं इतक्या दूर का जातं, हा तिचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्यापाशीही तेव्हा नव्हतं. नोकरी होती, हंगामी होती, आणि मला प्राण्यांचं काम हवं होतं, इतकंच.

काम साधं होतं, पण चुकायला जागा नसलेलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी घागरीसारखा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून परत जाते. सकाळी उरतो तो ट्रॅक्टरच्या चाकासारखा अडीच-तीन फूट रुंदीचा माग. तो भरतीनं पुसला जायच्या आत गाठायचा. घरटं कुठे आहे ते काठीनं वाळू चाचपून ओळखायचं. जिथे काठी सहज आत जाते तिथे हातानं उकरायचं. अंडी एकेक उचलून त्याच ओल्या वाळूसकट किनाऱ्यावरच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, न्यायची आणि तेवढ्याच, दीड फुटाच्या खड्ड्यात ठेवायची. नाही तर कोल्हे, कुत्री आणि रानडुकरं दुपारपर्यंत काही शिल्लक ठेवत नाहीत. मग पंचेचाळीस ते साठ दिवस राखण. पिल्लं वर आली की मोजून समुद्रात सोडायची. हजारातलं एखादंच मोठं होतं असं मानतात.

कोकणात हे काम रुजलं ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेमुळे. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेळासला सुरुवात केली, तेव्हा कासवाची अंडी उकरून खाणं आणि विकणं ही तिथली रीत होती. जे अंडी शोधण्यात तरबेज होते त्यांनाच राखणीला घेतलं, कारण माग वाचणं त्यांनाच येत होतं. माणसाला त्याच्या हातातल्या कौशल्यासकट वळवणं ही मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून होता. वेळासला अंडी वाचली ती गावानं कासव आपलं मानलं तेव्हा.

माझ्या हातून पहिल्याच हंगामात एक घरटं गेलं. दूरच्या एका किनाऱ्यावरून निरोप आला तोपर्यंत ऊन वर आलं होतं. मी मोटरसायकलवर गेलो, अंडी पिशवीत भरली आणि खाचखळग्यांतून घेऊन आलो. सगळं नीट लावलं. साठ दिवस झाले, सत्तर झाले, एकही पिल्लू आलं नाही. घरटं उघडलं तेव्हा तात्यांनी एक अंडं फोडून दाखवलं. अंडं घातल्यावर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं हलवलं, फिरवलं, की तो तुटतो. पहाटे आणलेलं अंडं हलवलं तर चालतं, दुपारी आणलेलं चालत नाही. माझ्या पिशवीत शंभरावर जीव होते आणि त्यांना वाचवायला मीच धक्के देत आणलं होतं. तात्या रागावले नाहीत. "पुढच्या वेळी बादलीत आण. चालत आण," एवढंच म्हणाले. त्यानंतर पाच वर्षं मी अंडी चालतच आणली.

या चुकीनं मला एक शिकवलं. समुद्राचं नुकसान दुष्ट माणसंच करतात असं नाही. घाईनं, सोयीसाठी, चांगल्या हेतूनंही ते होतं.

दुसऱ्या एका गावात किनाऱ्यालगत पर्यटकांसाठी मोठे दिवे लागले. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाकडे जातं, कारण लाखो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असायचं ते समुद्राचं क्षितिज. त्या गावी एका सकाळी आम्हाला पिल्लांचे बारीक माग समुद्राच्या उलट दिशेनं, डांबरी रस्त्याकडे गेलेले दिसले. आणखी एका ठिकाणी धूप थांबवायला मोठमोठे दगड रचून बंधारा घातला होता. मादी रात्री आली, दगडांपाशी पोचली, दोन-तीन ठिकाणी वळली आणि अंडी न घालता परत गेली. सगळी हकिगत वाळूत लिहिलेली होती. तिथली माणसं म्हणत होती, घरं वाचवायची का कासवं? त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. घरं पाण्याच्या इतक्या जवळ कुणी येऊ दिली, आणि नद्यांतून, खाड्यांतून येणारी रेती उपसून कुठे गेली, हे प्रश्न मात्र बंधाऱ्याच्या सभेत कुणी विचारत नाही.

मग उन्हाचा प्रश्न. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण ३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. आणि पस्तिशीकडे पारा सतत राहिला तर जीव आतच मरतो. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही हॅचरीवर हिरवी जाळी बांधायचो, वाळूवर पाणी शिंपडायचो. आमच्याकडे उन्हाळ्यात संत्र्याच्या कलमांना सावली करतात तशी. तेव्हा मला वावर आठवायचं. पाऊस उशिरा, ऊन लवकर, ही तक्रार आमच्या मानोऱ्यात दर घरात ऐकली होती. ती किनाऱ्यावर अंड्यांच्या रूपात पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं.

हंगाम नसताना मला बंदरांवर नोंदी करायला पाठवत. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, तो पाहावा असाच आहे. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते, ढीग लागतात, बोली सुरू होते. मी पाहत बसायचो ते शेवटच्या ढिगांकडे. पापलेट, सुरमई, कोळंबी निवडून झाल्यावर ट्रॉलरमधून जे उरतं त्याला कुटी म्हणतात. बोटभर मासे, खेकड्यांची पिल्लं, शंख, तारामासे, वीतभर मुशी. ती खताला आणि कोंबड्यांच्या खाद्याला जाते. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढलं जातं, त्यात निवड नसते. नांगरानं एकाच दिवशी पीक, बी, गांडुळं आणि मुळं सगळीच उपटावीत आणि मग पुढच्या वर्षी वावर पिकत का नाही म्हणून विचारावं, तसं ते आहे.

कासवाला हवा घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकून तासभर खाली राहिलं की ते बुडून मरतं. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यात बुडतो, हे मला आधी पटलं नव्हतं. मग फुगलेली, पंख्याचा घाव बसलेली, तुटक्या जाळ्याच्या फासात पुढचा पाय सडून गेलेली कासवं मी स्वतः मोजली, मापली, पुरली. जाळ्यातून कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारं टेड नावाचं साधन आहे. ते वापरलं जात नाही म्हणून अमेरिकेनं २०१९ पासून भारताच्या समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं.

एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या म्होरक्याशी, माझी बरीच ओळख झाली होती. मी त्याला एकदा सरळच विचारलं, इतकी लहान मासळी का आणतोस? तो म्हणाला, "डिझेलचं कर्ज आहे. जाळ्याचं कर्ज आहे. मी नाही आणली तर शेजारचा आणील." २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे दोन लाख टन मासळी मिळाली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं पंचेचाळीस वर्षांतलं ते नीचांकी उत्पादन म्हटलं. वादळंही त्या वर्षी होती, पण सगळा दोष वादळांचा होता असं मला वाटत नाही. मासळी घटली की तांडेल आणखी दूर जातो, आणखी बारीक आसाचं जाळं टाकतो, आणखी कर्ज काढतो. हे चक्र मी आधी पाहिलं होतं. बोंडअळी आली की आणखी फवारणी, उत्पन्न घटलं की आणखी खत, खताला उधारी. त्या तांडेलाला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. तो मला आमच्यातलाच वाटला.

म्हणून सांगतो, ज्या नियमात माणसाच्या पोटाचा विचार आहे तोच टिकतो. माशांचे थवेच्या थवे वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये राज्यानं निर्बंध घातले, एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणारी मासेमारी २०१७ मध्ये केंद्रानं बंद केली. तरी रात्री क्षितिजावर दिव्यांच्या रांगा मी पाहिल्या आहेत. याउलट २०१८ च्या अखेरीस एक योजना आली: संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला तर जाळं कापून त्याला सोडा, फोटो पाठवा, जाळ्याची भरपाई पंचवीस हजार रुपयांपर्यंत मिळेल. त्यानंतर त्याच तांडेलानं मला रात्री अकराला फोन करून सांगितलं होतं, "सोडलं रे एक. मोठं होतं." आवाजात पैशाचा आनंद नव्हता, वेगळाच होता.

आणि आता एका बाटलीची गोष्ट.

पावसाळ्यानंतर किनारा साफ करायला जायचो. उधाणाच्या रेषेवर थर्माकोल, चपला, गुटख्याच्या पुड्या, सलाईनच्या बाटल्या, जाळ्यांचे निळे-हिरवे तुकडे. एका सप्टेंबरात त्या ढिगात मला पांढरी चपटी बाटली दिसली. चिठ्ठी अर्धी निघालेली, पण खालचा चौकोन शाबूत. त्यात लाल त्रिकोण. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल म्हणजे अतिविषारी, पिवळा त्याहून कमी, मग निळा, मग हिरवा. हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आमच्या घरी वळचणीला अशा बाटल्या खोचलेल्या असत, आणि रिकाम्या झालेल्या धुऱ्यावर नाही तर नाल्यात फेकलेल्या. ही बाटली बहुधा जवळच्या आंब्याच्या बागेतून ओढ्यानं आली असेल. पण ती हातात घेतली आणि मी किनाऱ्यावर उभा नव्हतोच, घरच्या नाल्यात उभा होतो. त्याच पावसाळ्यात, २०१७ मध्ये, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली होती. माणसाला मारणारं ते औषध वाहून पुढे गेल्यावर कुणाचं काय करत असेल, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती.

तात्यांनी बाटली पाहिली आणि म्हणाले, "ही काय आमची नव्हे." मी म्हटलं, "आमची आहे." ते हसले नाहीत.

२०२२ च्या हंगामात वेळास, आंजर्ले आणि गुहागर मिळून पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली गेली. प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी अशी त्यांना नावं दिली. तोवर आम्हाला ही कासवं अंडी घालून कुठे जातात हे माहीत नव्हतं. तो माझा शेवटचा हंगाम. बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी एप्रिलात मानोऱ्याला परतलो.

घरी वावर होतं, बाबांची औषधं होती, आणि मोबाइलवर नकाशातला एक ठिपका. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला आणखी दोन माद्यांना यंत्रं लावली होती, त्यांतली बागेश्री दक्षिणेकडे निघाली. गोवा, कर्नाटक, केरळ मागे टाकून ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. मी त्या रात्री बाबांना नकाशा दाखवला. गोदावरीच्या मुखावर बोट ठेवलं आणि तिथून मागे मागे येत सांगितलं: गोदावरी, प्राणहिता, वर्धा, पैनगंगा, अरुणावती. बाबांना तेव्हा नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं तेच बोट पुन्हा मुखापर्यंत नेलं.

त्यानंतर मी गोदावरीच्या मुखाबद्दल वाचत गेलो. काकिनाड्याजवळ कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे, त्याच्या बाजूच्या होप बेटावर याच ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. आणि तिथला किनारा मागे हटतो आहे, कारण नदीतून येणारा गाळ वरच्या धरणांत अडतो. आमच्याकडची काळी माती पूर्वी जिथे जाऊन किनारा बांधायची, तिथे आता ती पुरेशी पोचत नाही. माझी बाटलीही कदाचित दिग्रसच्या धरणात अडकेल. पण पाण्यात विरघळलेला युरिया, विरघळलेलं औषध भिंतीला अडत नाही. जायला हवी ती माती थांबते आणि जायला नको ते सगळं पुढे जातं. खतातलं नत्र समुद्रात पोचलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि तळाशी राहणारं जे पळू शकत नाही ते मरतं. कोकणात हिवाळी रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक ते बघायला गर्दी करतात. तो चमकणारा सूक्ष्मजीव, नॉक्टिल्युका, अरबी समुद्रात अलीकडे इतका का वाढतो आहे, याचा संबंध अभ्यासक कमी प्राणवायूशी आणि तापत्या पाण्याशी लावतात. तात्या ते निळं पाणी दिसलं की तोंड फिरवायचे. "त्यात मासळी नाय," म्हणायचे.

२०२५ च्या जानेवारीत वावरात तुरीची सोंगणी चालू होती. दुपारी तात्यांचा फोन आला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला आधीच बिल्ला होता, ०३२३३ नंबरचा. तो ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, १८ मार्च २०२१ ला लावलेला. म्हणजे तिकडे अंडी घालणारी मादी साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घेऊन इकडेही अंडी घालते. तोवर दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असं बरेच जण धरून चालले होते. तात्या म्हणाले, "मी सांगितलं होतं ना तुला. सगळं हितंच येतं."

त्या वेळी मी हातात विळा घेऊन उभा होतो. मला त्यांना चूक म्हणता आलं नाही. आमचं पाणी ज्या समुद्राला मिळतं त्या समुद्रातलं कासव त्यांच्या वाळूवर आलं होतं.

आता मी किनाऱ्यावर काम करत नाही. शेती करतो आणि तालुक्यातल्या शाळांत नदीचा नकाशा घेऊन जातो. मुलांना नाल्यापासून सुरुवात करायला लावतो, समुद्रापासून नाही. पोहरादेवीच्या यात्रेनंतर ओढ्याकाठचे द्रोण, ग्लास आणि पिशव्या उचलायला मागच्या दोन वर्षांत काही तांड्यांवरची पोरं आपणहून आली. आमच्या शेजारच्या तीन-चार वावरांत औषधाची बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओततात, बाटलीला भोक पाडून घरी पोत्यात साठवतात. पंपातलं ते पाणी वाया जात नाही, फवारणीत जातं, म्हणून लोकांना ते पटलं.

मानोऱ्याच्या माझ्या भावाबहिणींनो, आपल्याकडे नाल्याला पहिलं पाणी जूनमध्ये येतं. त्याआधी, मे महिन्यात, आपापल्या धुऱ्यावरच्या आणि नाल्यातल्या बाटल्या उचला. एका सकाळचं काम आहे.